खाऱ्या पाण्यातील वनस्पती आणि माणसाची स्मरणशक्ती

आजच्या विषयाचे नाव ऐकून आळंदी, मरकळ, चऱ्होली, चाकण या बाजूच्या मंडळींना थोडे नवल वाटेल. खाऱ्या पाण्यातील वनस्पती म्हणजे समुद्रकाठच्या वनस्पती. आळंदी तर समुद्रापासून सरळ रेषेत शंभरएक किलोमीटर दूर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. मग हा कोकणातला विषय देशावरच्या लोकांना कशाला सांगायचा, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे.

त्याला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, या वनस्पतींचे काही भाऊबंद आपल्या बांधावर आणि ओढ्याकाठी उगवतात, आणि त्यांतला एक तर आपल्या ताटात भाजी म्हणून येतो. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे. घरातले म्हातारे माणूस विसरू लागले, किंवा पोराचे अभ्यासात लक्ष लागेना, की आपण बुद्धिवर्धक म्हणून काही ना काही शोधू लागतो. बाजारात बाटल्या मिळतात, जत्रेत जडीबुटीवाला मिळतो, आणि कोणी शेजारी सांगतो, "अहो, पैसे कशाला घालवता? ब्राह्मी नदीकाठी फुकट उगवते." हे फुकटचे औषध कधी उपयोगी पडेल आणि कधी अंगाशी येईल, हे समजून घ्यायचे असेल तर झाडाचे आणि पाण्याचे नाते समजून घ्यावे लागते. ते नाते सर्वांत स्पष्ट दिसते खाऱ्या पाण्यात. म्हणून सुरुवात तिथून करू.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यांत बहुतेक भाग आपल्या रोजच्या मिठाचा. असे पाणी ज्वारीला किंवा हरभऱ्याला घातले तर काय होईल, हे शेतकऱ्याला सांगायला नको. मुळांना पाणी ओढून घेता येत नाही. भोवती पाणी असून झाड तहानेने मरते. शिवाय जे मीठ आत शिरते ते पेशींना बाधते. तरीही पृथ्वीवरच्या वनस्पतींच्या जातींपैकी शंभरात एखादी जात अशी आहे की ती मिठाला पुरून उरते. समुद्राच्या पाण्याच्या एक तृतीयांश इतक्या खारटपणात जी उगवते, वाढते, फुलते आणि बी धरते, तिला शास्त्रज्ञ क्षारसहिष्णू किंवा लवणप्रिय वनस्पती म्हणतात.

आपल्या महाराष्ट्राला सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा किनारा लाभला आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत खाड्याखाड्यांतून खारफुटीची, म्हणजेच कांदळवनाची, तीनशे चौरस किलोमीटरांहून थोडी अधिक जागा आहे. तिथे तिवर आहे, कांदळ आहे, चिपी आहे, काटेरी पानांची मारांदी आहे. यांतल्या पांढऱ्या चिपीला महाराष्ट्र शासनाने २०२० साली राज्याचे कांदळवृक्ष म्हणून मान दिला. खाजणात जमिनीलगत पसरणाऱ्या, जाड रसदार पानांच्या लहान वनस्पतीही पुष्कळ आहेत.

ही मंडळी मिठाशी झगडतात कशी? त्यांच्या मुख्यतः तीन तऱ्हा आहेत. पहिली तऱ्हा दारातच अडवण्याची. कांदळासारख्या झाडांची मुळे पाणी आत घेताना बहुतेक मीठ बाहेरच ठेवतात. गाळणीतून चहा गाळावा तसा हा प्रकार. दुसरी तऱ्हा आत आलेले मीठ बाहेर टाकण्याची. तिवराच्या आणि मारांदीच्या पानांवर बारीक ग्रंथी असतात. त्यांतून खारे पाणी पाझरते, उन्हाने वाळते, आणि पानावर मिठाचे कण चमकतात. तिसरी तऱ्हा कोठारात कोंडण्याची. जाड पानांच्या वनस्पती मीठ आत घेतात, पण पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पेशीच्या आतल्या पाणथैलीत, ते वेगळे बंद करून ठेवतात. पेशीचे नाजूक काम जिथे चालते तिथवर ते पोचू देत नाहीत. शिक्षकमित्रांनी ही तिसरी तऱ्हा ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचाच संबंध येणार आहे.

आता मेंदूकडे वळू. आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा शंभरात दोन, परंतु शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के ऑक्सिजन एकटा मेंदू वापरतो. जिथे चूल जास्त पेटते तिथे धूरही जास्त. ऑक्सिजनच्या या वापरातून काही उपद्रवी कण तयार होतात. पाठ्यपुस्तकात त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ते पेशींना इजा करतात. वय वाढते तशी ही इजा साचत जाते, आणि स्मृतिभ्रंशाच्या अनेक कारणांपैकी हे एक असावे, असे शास्त्रज्ञ मानतात.

गंमत अशी की खाऱ्या जमिनीतल्या झाडालाही हाच त्रास असतो. मिठाचा ताण पडला की त्याच्या पेशींतही हे उपद्रवी कण वाढतात. त्यांना आवरण्यासाठी झाड स्वतःची द्रव्ये बनवते. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. फेनॉल आणि फ्लॅव्होनॉइड या वर्गांतली द्रव्ये त्यांत येतात. झाड ही द्रव्ये स्वतःच्या जिवासाठी बनवते, माणसासाठी नव्हे. परंतु शास्त्रज्ञाच्या मनात साहजिकच आले की, जे द्रव्य झाडाची पेशी राखते ते माणसाच्या मेंदूची पेशी राखील काय? म्हणून जगात अनेक ठिकाणी खाऱ्या वनस्पतींची तपासणी चालू झाली. आपल्याकडे पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातील आणि भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांनी सेसुवियम नावाच्या, घोळीसारख्या दिसणाऱ्या समुद्रकाठच्या वेलीचा अभ्यास करून तिच्या लागवडीविषयी आणि उपयोगांविषयी २००९ साली विस्ताराने लिहिले. दक्षिण कोरियातील संशोधकांनी सॅलिकॉर्निया या खाजणातल्या वनस्पतीतले मीठ काढून टाकून तिचा अर्क केला आणि औषधाने मुद्दाम विसरभोळे केलेल्या उंदरांना दिला. उंदरांची स्मरणशक्ती सुधारल्याचे त्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केले.

इथे जरा थांबले पाहिजे. उंदीर वेगळा आणि आपले वडील वेगळे. परीक्षानळीत जे द्रव्य प्रभावी दिसते ते पोटात पचते काय, रक्तात उतरते काय, आणि उतरले तरी मेंदूत पोचते काय, हे तीन निराळे प्रश्न आहेत. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये निसर्गाने कडक पहारा ठेवला आहे. वाटेल त्या द्रव्याला तो आत जाऊ देत नाही. आणि पोचूनही उपयोग होईलच असे नाही. अमेरिकेत साडेसात हजारांहून अधिक वृद्ध पुरुषांवर ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम यांचा प्रयोग झाला. दोन्ही अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलेली. २०१७ साली निष्कर्ष आला की त्यांनी स्मृतिभ्रंश टळला नाही. तेव्हा "अँटिऑक्सिडंट भरपूर, म्हणून मेंदूला उत्तम" असे कोणी बाटलीवर लिहिले असेल, तर पुरावा अर्ध्या वाटेवरच थांबला आहे असे समजावे.

मग या साऱ्यात माणसांवर तपासलेले असे काहीच नाही काय? आहे, आणि ते आपल्या ओळखीचे आहे. ते म्हणजे ब्राह्मी. परंतु ब्राह्मी म्हटले की पहिला घोटाळा नावाचा.

आपल्याकडे दोन अगदी निराळ्या वनस्पतींना ब्राह्मी म्हणतात. एक मंडूकपर्णी, तिलाच कारिवणा असेही नाव आहे. तिचे पान लांब देठाचे, गोलसर, कडेला बारीक दातरे असलेले. बेडकाच्या पावलासारखे दिसते म्हणून मंडूकपर्णी. दुसरी जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी. तिची पाने लहान, जाडसर, बिनदेठाची, समोरासमोर जोडीने येणारी. फूल पांढरे किंवा फिकट जांभळे, पाच पाकळ्यांचे. आणि चव चांगलीच कडू. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांनी हा भेद जाणला होता. चरकसंहितेत बुद्धीला हितकर म्हणून जी चार मेध्य रसायने सांगितली आहेत, त्यांत मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी येतात. सुश्रुतसंहितेत मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. दोन्हींतली मुख्य द्रव्येही निराळी. म्हणून एकीवर झालेल्या प्रयोगाचा दाखला देऊन दुसरी विकणे, हे गव्हाचा भाव सांगून ज्वारी मोजण्यासारखे आहे.

यांतली जलब्राह्मी ही आपल्या आजच्या विषयातली. ती ओढ्याकाठच्या गोड्या पाण्यात वाढते, तशीच खाडीकाठच्या मचूळ पाण्यातही तग धरते. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत १९६० नंतरच्या दशकात तिच्यातील बॅकोसाइड ही द्रव्ये वेगळी काढली गेली, आणि पुढे तिथेच उंदरांवर तिचे प्रयोग झाले. माणसांवरील प्रयोग त्यानंतर आले. ऑस्ट्रेलियात २००१ साली ४६ निरोगी माणसांवर बारा आठवडे प्रयोग झाला. २००२ साली तिथेच ४० ते ६५ वर्षे वयाच्या ७६ जणांवर दुसरा प्रयोग झाला. निम्म्यांना ब्राह्मीचा अर्क, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नव्याने शिकलेली गोष्ट विसरण्याचा वेग ब्राह्मी घेणाऱ्यांत काहीसा कमी आढळला. परंतु इतर बहुतेक चाचण्यांत फरक पडला नाही. अमेरिकेत २००८ साली ६५ वर्षांवरील ५४ जणांवर असाच प्रयोग होऊन शब्द आठवण्यात थोडी सुधारणा दिसली. २०१४ साली अशा नऊ प्रयोगांची, एकंदर ५१८ माणसांची, एकत्र मांडणी करण्यात आली, आणि लक्ष देण्याचा वेग थोडा वाढतो असे दिसले.

याचा अर्थ नीट लावला पाहिजे. फायदा दिसला, पण तो बेताचा. तो दिसायला साधारण तीन महिने लागले. माणसे बहुतेक निरोगी होती. औषध होते ते ठरावीक प्रमाणात बनवलेला, तपासलेला अर्क. मूठभर पाला नव्हे. काहींना मळमळ, पोटात मुरडा, वारंवार शौचास लागणे असा त्रासही झाला. आणि जडलेला स्मृतिभ्रंश ब्राह्मीने बरा होतो, असे यातल्या एकाही प्रयोगाने सिद्ध केलेले नाही.

असे मोजूनमापून पाहिल्याने वनौषधीची किंमत कमी होते, असे कोणी मानू नये. उलट वाढते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा ही मुळी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन काय झाले ते काटेकोरपणे टिपून १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केले. शेकडो वर्षे वैद्यांच्या बटव्यात असलेल्या त्या मुळीकडे तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष गेले. १९५२ साली तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले, ते मनोविकारांवरही वापरले गेले, आणि त्याच मोजमापातून हेही उमगले की काही रुग्णांच्या मनावर त्याने उदासीनता येते. गुण मोजला तसा दोषही मोजला गेला. औषध म्हणावे ते याला.

आता, मंडळी, आजच्या भाषणातला सर्वांत महत्त्वाचा भाग. मघाशी मी पेशीतल्या कोठाराविषयी ध्यानात ठेवा असे म्हटले होते. झाड नको असलेली वस्तू पेशीच्या पाणथैलीत कोंडून ठेवते. ही युक्ती फक्त मिठापुरती नाही. पाण्यात शिसे, कॅडमियम, क्रोमियम यांसारखे जड धातू असले तर काही वनस्पती तेही असेच आत घेतात आणि साठवतात, आणि वरून हिरव्यागार दिसतात. जलब्राह्मीविषयी लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात हे प्रयोगाने दाखवून दिले आहे. समुद्रकाठच्या सेसुवियम वेलीचाही दूषित जमिनीतले धातू शोषून घेण्यासाठी अभ्यास झाला आहे. जमीन सुधारण्याच्या दृष्टीने हा मोठाच गुण. पण तीच वनस्पती काढ्यात घातली तर?

आळंदीकरांना इंद्रायणीविषयी मी वेगळे काय सांगणार? ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूला उगम पावते, देहूवरून आळंदीला येते, तुळापूरला भीमेला मिळते. पुढे भीमा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. आपल्या घाटावरचे पाणी शेवटी समुद्राचेच होते. परंतु वाटेत तिच्या खोऱ्यात पिंपरी-चिंचवड आणि चाकणची औद्योगिक वस्ती वाढली, लाखो माणसे आली, घरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आले. गेल्या काही वर्षांत घाटापाशी नदीवर पांढरा फेस तरंगताना आपण स्वतः पाहिला आहे. अशा पाण्याच्या काठी उगवलेली कोणतीही ब्राह्मी, कारिवणा किंवा भाजी औषध म्हणून किंवा खाण्यासाठी खुडू नये. ती धुतल्याने, उकळल्याने किंवा वाळवल्याने आतला धातू जात नाही. उलट वाळवल्यावर पाणी उडून जाते आणि धातूचे प्रमाण वाढते.

आणि यातली खरी दुःखाची गोष्ट अशी की, शिसे हे विष विशेषेकरून मेंदूवरच घाला घालते, आणि तेही लहान मुलांच्या. मुलाच्या रक्तात शिशाचे अमुक इतके प्रमाण असले तर ते निर्धोक, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेला सांगता आलेली नाही. आई मोठ्या आशेने पोराला बुद्धीसाठी रस पाजते आणि त्याच रसातून बुद्धीचा शत्रू पोटात जातो. म्हणून आपल्या देशात आयुर्वेदीय औषधांतील वनस्पतिद्रव्यांसाठी मर्यादा घालून दिल्या आहेत: दहा लाख भागांत शिसे १० भाग, आर्सेनिक ३ भाग, पारा १ भाग आणि कॅडमियम ०.३ भाग यांहून अधिक नसावे. डोळ्यांनी, वासाने किंवा चवीने हे कळत नाही, प्रयोगशाळेतच कळते. म्हणून ब्राह्मी घ्यायचीच असेल तर वैद्यांच्या सल्ल्याने, परवाना क्रमांक आणि तारीख असलेली घ्यावी. किंवा दारात कुंडीत स्वच्छ माती आणि स्वच्छ पाणी घालून लावावी.

दुसरी खबरदारी घरातल्या वृद्धांविषयी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरच्या शंभर माणसांत सुमारे सात जणांना, म्हणजे अदमासे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यांच्यातले कितीतरी जण "म्हातारपण आहे, चालायचेच" म्हणून डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. आजी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते, ओळखीच्या रस्त्यावर चुकते, चुलीवर भांडे ठेवून विसरते, तर आधी तिला डॉक्टरांकडे न्या. कारण विसरण्याची काही कारणे बरी होण्यासारखी असतात: बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार, मनाची उदासीनता, एखाद्या औषधाचा परिणाम. कधी तर कमी ऐकू येते म्हणून म्हातारा विसरतो असे वाटते! ही कारणे शोधायची सोडून सहा महिने नुसता काढा देत राहिलो, तर तो वेळ परत मिळत नाही. आणि फेफरे, म्हणजे आकडी येणाऱ्या माणसाची चालू गोळी तर ब्राह्मी सुरू केली म्हणून कधीही बंद करू नये. त्याने जिवावर बेतू शकते. दुसरी औषधे चालू असतील तर ब्राह्मी घेत असल्याचे डॉक्टरांना न लाजता सांगावे.

तुम्ही म्हणाल, हे करू नका, ते करू नका, एवढेच सांगता. खायचे तरी काय? तर ऐका. मिठाचा ताण बऱ्यापैकी सोसणारी एक वनस्पती आपल्या शेतात आपोआप उगवते, आणि निंदताना आपण ती उपटून टाकतो. ती म्हणजे घोळ. लालसर देठ, जाड रसदार पाने, पिवळे फूल. ओळखीची आहे ना? हिरव्या पालेभाज्यांत ओमेगा-३ या गटातले स्निग्धाम्ल घोळीइतके क्वचितच आढळते. मेंदूच्या घडणीत या गटातल्या स्निग्धाम्लांना महत्त्व आहे. मात्र घोळीतल्या प्रकारापासून मेंदूला लागणारा प्रकार आपले शरीर थोडाच बनवते. म्हणून घोळीला औषध न म्हणता चांगली भाजी म्हणावे, आणि मुगाची डाळ घालून खुशाल खावी. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र बेताने, कारण तिच्यात ऑक्झॅलेट पुष्कळ असते.

तसेच मिठाचे. खाजणातल्या भाज्या आपल्या पानांत मीठ भरून ठेवतात, हे आपण पाहिले. कोकणातल्या पाहुण्यांनी अशी भाजी दिली, तर ती उकळून पाणी टाकून द्यावे आणि वरून मीठ घालू नये. दिवसाला सर्व मिळून पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. रक्तदाब वाढला तर मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांना इजा होते, आणि स्मृतीलाही. २०२४ साली जगातल्या तज्ज्ञांच्या एका मंडळाने स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपण, एकटेपणा, व्यायामाचा अभाव आणि शिक्षणाचा अभाव आहेत. म्हणजे आजोबांना रोज देवळापर्यंत चालवत नेणे, त्यांच्याशी गप्पा मारणे, त्यांचे कान तपासून घेणे, हेही मेंदूचेच औषध होय, आणि त्याचा पुरावा बाटलीपेक्षा भक्कम आहे.

शेतकरी बंधूंसाठी दोन शब्द. नीरा कालव्याच्या आणि कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात पाणी अतिरेकी दिल्याने जमिनी खारवट आणि चोपण झाल्या. वर पांढरा थर आला की पीक रुसते. अशा जमिनीत मीठ सोसणाऱ्या औषधी वनस्पती लावाव्यात, असा विचार आता पुढे येत आहे. विचार चांगला आहे. दुष्काळ, क्षार अशा संकटांत पिके कशी तगवावीत याचा अभ्यास करणारी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची संस्था २००९ पासून बारामतीजवळ माळेगाव खुर्दला आहे. परंतु कोणी "औषधी झाडे लावा, सोने पिकेल" म्हणाला, तर रोपे विकत घेण्याआधी त्याला तीन प्रश्न विचारा. माल कोण घेणार, आणि ते लिहून देणार काय? वनस्पतीची खरी जात कोणी तपासली? मातीत आणि पाण्यात जड धातू नाहीत याची तपासणी झाली काय? उत्तरे मिळाली नाहीत तर रोपांचे पैसे खिशातच ठेवा.

शिक्षक बंधुभगिनींना एक छोटा प्रयोग सुचवतो. शाळेत दोन कुंड्यांत हरभरा आणि दोन कुंड्यांत घोळ वाढवा. रोपे चांगली धरली की प्रत्येकी एका कुंडीला साधे पाणी आणि दुसरीला मिठाचे पाणी द्या. पहिल्या आठवड्यात लिटरला तीन ग्रॅम मीठ, दुसऱ्यात सहा, तिसऱ्यात दहा. मुलांना रोज पाने मोजू द्या, वहीत टिपू द्या. हरभरा लवकर मान टाकील, घोळ बराच काळ तग धरील. मग मुलांना विचारा, "आत गेलेले मीठ घोळीने ठेवले कुठे?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "पाण्यात मिठाऐवजी विष असते तर?" नदी स्वच्छ का ठेवायची, हे या दोन प्रश्नांतून मुलांना पटेल. प्रयोगातली घोळ मात्र कोणी खायची नाही, हे बजावून ठेवा.

सहल काढता आली तर मुलांना ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात न्या. तिथे खारफुटी जवळून दिसते. पानावरचे मिठाचे कण पाहावेत, चिखलातून वर डोकावणारी तिवराची श्वसनमुळे पाहावीत. पण तोडू काही नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने कांदळवनाची तोड रोखली आहे. शिवाय गेवा नावाच्या खारफुटीचा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीला अपाय होतो. औषधाच्या आशेने कोणी कांदळवनात सुरा घेऊन शिरू नये. तिथल्या कितीतरी वनस्पतींची नीट तपासणी अजून व्हायची आहे. वन टिकले तर ती होईल. तोडले तर तपासायला झाड उरायचे नाही.

तेव्हा, श्रोते हो, एवढे ध्यानात असू द्या. झाड जसे पाणी पिते तसे ते घडते. मिठाशी झगडताना ते गुणकारी द्रव्येही बनवते, आणि विष मिळाले तर तेही साठवते. म्हणून ब्राह्मीची जुडी हाती आली, तर ही कोणती ब्राह्मी, आणि ही कोणत्या पाण्यावर वाढली, हे दोन प्रश्न विकणाऱ्याला जरूर विचारा. आणि घरात कोणी विसरू लागले असेल, तर उद्या सकाळीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.